मार्मालेडआधी चार शब्द

"पेरेन्डिनेट," असं म्हणत विनिफ्रेडने मार्मालेडची बरणी आपल्याकडे ओढून घेतली.

बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पुढे ढकलणं," ते म्हणाले.

"कधीवर?"

"उद्यावर."

"परवावर, बाबा. परवासाठी लॅटिनमध्ये वेगळा शब्द होता, त्यावरून आलाय हा. तुम्हीच शिकवलात मला."

विनिफ्रेडला रडू कोसळायचंच काय ते बाकी राहिलं.

ही रीत तिच्या लहानपणापासूनची. टोस्टवर मार्मालेड हवं, तर आधी चार अवघड शब्दांचा अर्थ आणि मूळ सांगायचं. तेव्हा विचारणारे बाबा असत. यॉर्कशायरमधल्या एका शाळेत लॅटिन शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. आता रोज विचारायची पाळी तिच्यावर आली होती, आणि आज तर कौन्सिलच्या समाजसेविका मिसेस ऑर्मरॉड यायच्या होत्या. हे असंच चालू राहिलं तर देखभाल केंद्रात जागा बघावी लागेल, असं त्या मागच्या खेपेला स्पष्टच म्हणाल्या होत्या. बरोबर फॉर्मही आणला होता. त्या बाबांना नेणार, हे विनिफ्रेडने तेव्हाच ओळखलं होतं.

खोटं कशाला बोला, लक्षणं काही ठीक नव्हती. बाबांनी कपाटांवर चिठ्ठ्या डकवून ठेवल्या होत्या: कप, चहा, औषधं. दाराची किल्ली खिशातून काढत नसत. रोज सकाळी आज वार कोणता म्हणून विचारत, आणि तिने सांगितला की नुसतीच मान हलवत. त्यांच्यामागे धावून धावून ती थकली होती. हल्ली जिना चढताना तिचे गुडघे बोलत. बाबांचे हातही ओळखू येईनात. खडू धरणारी बोटं अशी जाडजूड, काळ्या भेगांची झाली तरी कधी? म्हातारपण काय काय घेऊन जातं, तिला वाटे. बाकी सगळं गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण लॅटिन जावं याचं तिला फार वाईट वाटे.

"ल्युक्युब्रेशन."

"दिव्याखाली बसून केलेला अभ्यास." बाबांनी शब्द जपून, पाठ केल्यासारखे उच्चारले. मूळ मात्र त्यांना काही आठवलं नाही.

"अक्सोरियस."

"बायकोवर वाजवीपेक्षा जास्त जीव टाकणारा," या वेळी ते एका दमात म्हणाले. "उक्सोर म्हणजे बायको."

चला, एक तरी शाबूत आहे. विनिफ्रेडने चौथा शब्द माफ केला आणि बरणी पुढे सरकवली. त्या बाईंसमोर फार बोलू नका, मी सांभाळून घेते, लॅटिनचं निघालं तर खोकायला लागा, असं तिने त्यांना बजावलं.

"बरं," बाबा म्हणाले. "तू म्हणशील तसं, विनी."

अकरा वाजता मिसेस ऑर्मरॉड आल्या. विनिफ्रेडने त्यांना दारातच गाठलं. दोन शब्द चुकले म्हणून कुणी माणसाला घराबाहेर काढत नाही, चाळीस वर्षं शिकवलंय त्यांनी, मला त्यांचा काडीचा त्रास नाही, असं सगळं तिने एका श्वासात सांगून टाकलं. दमता का, असं बाईंनी विचारलं. ती नाही म्हणाली, आणि ते काही खरं नव्हतं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि चहा मिळेल का म्हणून विचारलं.

विनिफ्रेड स्वयंपाकघरात गेली. बाबा काय घोळ घालतात ते कळावं म्हणून तिने दार उघडंच ठेवलं. चिठ्ठ्या वाचत वाचत ती चहाच्या कपाटापाशी पोचली. बाहेर बाईंनी हलक्या आवाजात काहीतरी विचारलं आणि फॉर्म पुढे केल्यासारखा कागद वाजला.

"सही नाही करणार मी," बाबांचा आवाज आला. "बस डेपोतला मेकॅनिक मी, मला कुठलं आलंय लॅटिन? मास्तर होते ते माझे सासरे. त्यांची जुनी डिक्शनरी घेऊन बसतो आणि रोज चार शब्द डोक्यात कोंबतो. एक्केचाळीस वर्षांचा संसार आहे आमचा, बाई. तिला इथून कुठे हलवायचं नाही. बाबा म्हणते, तर बाबा."