अकरा मिनिटांची इस्त्री

"अकरा मिनिटं नुसती इस्त्री? मॅडम, लोक खुर्च्या फेकून मारतील!"

इस्त्रीवाल्याची हसता हसता पुरेवाट झाली. दिग्दर्शिका मात्र हसली नाही. वर्षभर तिने या गल्लीचं रोजचं जगणं टिपलं होतं आणि तिचा जीव अडकला होता नेमका याच दृश्यात. "निर्माते म्हणतात, एका मिनिटावर आणा," ती म्हणाली. "मी म्हटलं, आधी दुकानवाल्यांना दाखवते. तुम्ही कंटाळलात, तर कापते."

"मग कापाच. बावीस वर्षं रोज बघतोय मी हे."

खरं तर तो बघायचा ते गिऱ्हाईक. त्याची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून आणि बायकोचं टेबल त्याच्या पाठीमागे. चुरगळलेले कपडे मागे सरकवायचे, घड्या घातलेले पुढे घ्यायचे, एवढाच दोघांचा दिवसभराचा संवाद.

लॅपटॉप सुरू झाला. बायको शेजारी अंग चोरून बसली. पडद्यावर ती शर्ट पसरत होती. दोन मिनिटं त्याने खुशाल जांभया दिल्या. मग एक जांभई अर्ध्यावरच राहिली. इस्त्री कॉलरवरून वळली की बायकोची मान किंचित तिरकी व्हायची. खिडकीतलं ऊन टेबलाच्या कडेवरून सरकत सरकत तिच्या बोटांपर्यंत आलं. पाण्याचा शिंतोडा, वाफ, घडी. बोळा झालेलं कापड तिच्या हाताखालून जायचं आणि नवंकोरं होऊन निघायचं. हे सगळं आपल्या पाठीमागे चाललेलं असतं? स्वतःच्याच दुकानात आपण पाहुणे आहोत, असं त्याला वाटलं.

सातव्या मिनिटाला तो पुढे झुकला. दर शर्टानंतर ती इस्त्री बाजूला ठेवत होती. उजवं मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरायची, ओठ घट्ट मिटून. मग पुन्हा इस्त्री उचलायची. एकदा तिने मान वर केली, त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि पुढचा शर्ट ओढला.

दृश्य संपलं.

"कापू?" दिग्दर्शिकेने विचारलं.

"हात लावायचा नाही त्याला," तो म्हणाला आणि बायकोकडे वळला. "अगं, मनगट कधीपासून दुखतंय?"

"झाले की बरेच दिवस. थोरलीच्या लग्नाच्या धावपळीत सुरू झालं."

थोरलीचा मुलगा आता दुसरीत होता.