बारावा पाठ

फोनवर नाव बायकोचं, प्रेमलताचं होतं आणि आवाज खालच्या मजल्यावरच्या शोभाचा. जयप्रकाश कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या ऑफिसात मीटिंगमध्ये बसला होता. शोभा भरभर बंगालीत बोलत होती. तिचं बोलणं त्याला नेहमीच भांडल्यासारखं वाटायचं, आणि पाण्याच्या मोटरवरून दोन दिवसांपूर्वीच कुरबुर झाली होती. "मोटर का शाम को देखेंगे," असं हिंदीत सांगून त्याने फोन बंद केला. पुन्हा वाजला तेव्हा उचललाच नाही.

तासाभराने हॉस्पिटलमधून इंग्रजीत फोन आला. प्रेमलता शोभाच्या स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता कोसळली होती. शोभाच तिला हॉस्पिटलात घेऊन गेली होती. जयप्रकाश बेहालाच्या त्या हॉस्पिटलात पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

"हिंदीत सांगता येत नव्हतं बाईला?" भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच विचारत होता.

चौथ्या दिवशी शोभा वर आली. हातात मिठाईचा खोका, खोक्यावर पांढरी फुलं. जयप्रकाशने झाकणाच्या फटीतून आतली संदेश नावाची बंगाली मिठाई पाहिली. घरात सुतक होतं. गोड करायचं ते चौदाव्या दिवशी. नाशिकला असता तर शेजारून पिठलं-भात आला असता.

"इथे काय बारसं आहे?" तो मराठीतच ओरडला आणि त्याने दार लावून घेतलं.

पुण्याहून आलेली केतकी आतून म्हणाली, "बाबा, जाऊ दे ना."

"जाऊ दे काय? नऊ वर्षं तुझ्या आईबरोबर बसत होती ती. रोज!"

शोभा खोका दाराबाहेर ठेवून गेली होती. संध्याकाळी त्याला मुंग्या लागल्या. जयप्रकाशने तो मुंग्यांसकट खाली नेला आणि तिच्या उंबऱ्यावर ठेवला.

दिवसकार्य झालं, केतकी परत गेली. जयप्रकाशच्या डोक्यातून शोभा जाईना. हिंदीत बोललं तर ती कळलं नसल्यासारखं करेल. तिला तिच्याच भाषेत सुनवायचं, त्याने ठरवलं.

प्रेमलताचा टॅब कपाटात होता. त्यात बंगाली शिकवणारे व्हिडिओ होते. हिरव्या पडद्यासमोर बसलेली एक मुलगी प्रत्येक वाक्य तीनदा म्हणायची आणि शेवटचा शब्द जरा लांबवायची. प्रेमलता पोळ्या लाटताना ते लावायची तेव्हा जयप्रकाश वैतागायचा.

"अगं, दीड वर्षात नाशिकला जायचंय. तिथे कुणाशी बंगाली बोलणार आहेस?"

"आणि इथे कुणाशी मराठी बोलू? तुम्ही तर पेपरशी बोलता."

आता तो रोज सकाळी ऑफिसआधी एक पाठ बघू लागला. प्रेमलताने पाहिलेल्या पाठांखाली लाल रेघ होती. भाज्या, नाती, काल-आज-उद्या, भूतकाळ. बारावा पाठ त्याने नाव वाचूनच सोडून दिला. त्यातलं त्याला काही लागणार नव्हतं. बसमध्ये तो ओठ हलवत वाक्यं घोकायचा. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे त्याने आपली वाक्यं देवनागरीत लिहून काढली आणि ते पान खिशात ठेवलं.

दोन महिन्यांनी एका रविवारी तो खाली गेला. शोभाने दार उघडलं.

"आपनी शेदिन हिंदिते बोलेननि कॅनो?" त्या दिवशी हिंदीत का नाही सांगितलंत? "मोरा बाडिते मिष्टि आनते लॉज्जा कोरलो ना?" मयताच्या घरी मिठाई आणताना लाज नाही वाटली?

वाक्यं नीट आली, शेवटचा शब्द टॅबमधल्या मुलीसारखा लांबवून. पुढची दोन आलीच नाहीत. खिशातलं पान काढायचंही त्याला सुचलं नाही. तोंडातून मराठी सुरू झालं आणि थांबेना. ती कशी गेली, शेवटी काय म्हणाली, मी तिथे का नव्हतो, तूच का होतीस. बराच वेळ तो ओरडत होता. शोभाला त्यातलं काही कळत नव्हतं. ती दार धरून उभी राहिली आणि तो थांबेपर्यंत ऐकत राहिली.

मग ती हळूच म्हणाली, "एकदम प्रेमलतार मोतो बोलछेन, दादा."

अगदी प्रेमलतासारखं बोलता. तिचं हे पहिलंच वाक्य त्याला आपसूक कळलं. तो वर आला. पाठीमागे दार लागल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

दुसऱ्या दिवशी शिकायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी त्याने सवयीने टॅब लावला. एकोणचाळिसावा पाठ सुरू झाला. शेजारी कुणी वारलं तर काय बोलावं, काय न्यावं. हिरव्या पडद्यासमोरची मुलगी सांगत होती, रिकाम्या हाताने जाऊ नये. फळं न्यावीत, मिठाई न्यावी, पांढरी फुलं न्यावीत. तिने ते तीनदा सांगितलं.

जयप्रकाशने तो पाठ पुन्हा पाहिला. त्याने पहिल्यांदा लावला तेव्हा त्याखाली लाल रेघ नव्हती. प्रेमलता तिथवर पोचलीच नव्हती.

त्याला आता बाजारात बंगालीत भाव करता येतो. मोटरबद्दलही बोलता येईल. शोभा जिन्यात भेटली की बाजूला होते, तोही बाजूला होतो. शोभाचं दार एकोणीस पायऱ्या खाली आहे.

बारावा पाठ माफी मागण्याचा आहे. तो त्याने अजून पाहिलेला नाही.