ट्रेकची प्रॅक्टिस

दीप्तीचा ओठ फुटलेला दिसला की शेजारच्या मीराकाकू लिफ्टमध्येच विचारायच्या, "आता काय झालं गं?"

"ट्रेकची प्रॅक्टिस, काकू. जिन्यात पडले."

लडाखला गोठलेल्या नदीवरून चालायला जायचं म्हणून ती भरलेली सॅक घेऊन रोज जिने चढायची, हे खरं. पण तिच्या नवऱ्याच्या, प्रितमच्या शिव्या आणि तिचं डोकं दारावर आपटल्याचा आवाज काकूंना भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू यायचा.

"जा, जा. दोन दिवसांत रडत परत येशील," म्हणत प्रितमने तिला जाऊ दिलं.

जानेवारीअखेर दीप्ती बोरीवलीला परतली. इतके दिवस बर्फावरून चालून आलेल्या बाईच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता.

त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडे पुन्हा आपटाआपटी सुरू झाली. काकूंनी धावत जायला चपला घातल्या, पण या वेळी ओरडणारा आवाज पुरुषाचा होता. काकूंनी चपला काढल्या आणि त्या परत सोफ्यावर बसल्या.

सकाळी शेजारच्या दाराबाहेर ट्रेकची काठी मोडून पडली होती. लिफ्टमध्ये प्रितम भेटला. हात गळ्यात बांधलेला, डोळा काळानिळा.

"काय झालं रे?"



तो खाली बघत म्हणाला, "ट्रेकची प्रॅक्टिस, काकू."