दहावी गाडी

मास्तरने काच खाली केली, हात बाहेर काढला आणि आपल्या बाजूचा आरसा पार बाहेर ढकलून दिला. आता मागचं काही दिसणार नव्हतं. दिसलं तेवढं पुरे झालं होतं. धुक्यात पिवळे दिवे मिचकावत वकिलाचा ट्रक मागे लागला होता, तोही अगदी बोकांडी बसल्यासारखा.

“ये बाबा, ये. शिव्या तोंडात मावत नसतील,” मास्तर पुटपुटला. गप्प बसलं की मन बोलायला लागायचं, म्हणून तो सकाळपासून काहीबाही पुटपुटतच होता.

चूक त्याचीच होती. काल संध्याकाळी टपरीवर दोघं एका ताटात जेवले. तिथेच कळलं, की शनिवारी गोदामात दहाच गाड्या आत घेतात आणि नऊ आधीच रांगेत लागल्यात. अकरावी सोमवारपर्यंत रस्त्यावर. “सकाळी बरोबर निघू. पुढचं पुढे,” वकील म्हणाला आणि आपल्या केबिनमध्ये तोंडावर पंचा टाकून घोरायला लागला. दीड महिना तोही घरी गेला नव्हता.

पण मास्तरची लेक उद्या नर्स होणार होती. स्टेजवर, सगळ्यांसमोर. तिच्या शाळेतल्या एकाही बक्षिसाला बाप हजर नव्हता. बायको फोनवर म्हणाली होती, “या वेळी नाही आलात, तर खुर्चीवर तुमचा शर्ट टांगून ठेवते. नाहीतरी तुमच्यापेक्षा तोच जास्त घरी असतो.”

म्हणून मास्तर उजाडायच्या आत उठला. चपला हातात घेऊन स्वतःच्याच गाडीत चोरासारखा चढला. इंजिन सुरू करताना शेजारच्या केबिनकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. निघण्याआधी एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने गाडीमागे उभं राहून लाल दिवा बघायचा आणि ओरडायचं, “पेटला!” मग अदलाबदल. तिसऱ्या सोबत्याच्या गाडीला मागून धडक बसली आणि तिघांचे दोघे उरले, तेव्हापासूनचा हा नेम. वकिलाचा आवाज असा खणखणीत, की पहिल्यांदा ऐकणारा टपरीवाला पाण्याची बादली घेऊन धावला होता. त्या आवाजात तो प्रत्येक नाक्यावर हुज्जत घालायचा, म्हणून वकील. आणि मास्तर आठवीपर्यंतच शिकलेला, पण चष्मा लावून सगळ्यांना पेपर वाचून दाखवायचा, म्हणून मास्तर. पठारावर मास्तरचा एक्सल तुटला, तेव्हा याच वकिलाने आपली गाडी बाजूला लावून दोन दिवस पाणी वाहिलं होतं. आज तेच पाणी मास्तरच्या घशाखाली उतरेना.

फोन थरथरला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मास्तरने तो सीटवर पालथा घातला.

घाटाचा उतार लागला, धुकं आणखी दाटलं. मास्तरने ब्रेक लावला, की मागून हॉर्न ओरडायचा. पुन्हा ब्रेक, पुन्हा हॉर्न. जणू दर वळणावर कुणी म्हणत होतं, चोर, चोर.

डावीकडचा आरसा हाताला लागत नव्हता, एका डाव्या वळणावर त्यात नको ते दिसलंच. एक बस वकिलाला ओलांडून पुढे यायला बघत होती. वकिलाने ट्रक रस्त्याच्या मधोमध घेतला आणि तिला येऊ दिलं नाही. मास्तरला वाटलं, माझ्यावर राग आहे ते ठीक, पण बसवाल्याने बिचाऱ्याने काय घोडं मारलंय?

पुढच्या चढावर मास्तरची भरलेली गाडी धापा टाकायला लागली. वकिलाकडे आज माल हलका. तो सहज पुढे गेला असता. मास्तरने गाडी थोडी कडेलाही घेतली. जा बाबा, तू हो दहावा, एकदाचा सोडव मला. वकील गेला नाही. मागे तसाच चिकटून राहिला. म्हणजे याला नंबर नकोच आहे, मास्तरला कळून चुकलं. याला फाटकाशी, चारचौघांत माझी अब्रू काढायची आहे.

फाटकाशी पहारेकऱ्याने चिठ्ठी पुढे केली. “दहावी. संपलं. मागच्याने सोमवारी यायचं!”

मास्तरने चिठ्ठी खिशात घातली. ती छातीला टोचली. वकील गाडीतून उतरून येत होता. डोळे तांबारलेले, तोंड न धुतलेलं, पंचा अजून गळ्यात. पायात चपलाही नव्हत्या.

“अरे, हाक मारली होती मी तुला,” मास्तर आधीच बोलून बसला. “पण तू असा घोरत होतास...”

“बरं,” वकील म्हणाला. “उतरू नकोस. ब्रेक दाब.”

“आत्ता?”

“दाब म्हणतो ना.”

वकील गाडीमागे गेला. मास्तरने हात बाहेर काढून आरसा ओढला, जागेवर आणला. त्यात वकील दिसला, अनवाणी, कमरेवर हात ठेवून उभा. मास्तरने पाय दाबला आणि त्या ओरडण्याची वाट पाहिली. मग आणखी जोरात दाबला.

“नाही पेटत,” वकील हळूच म्हणाला. “टपरीच्या वळणापासूनच नाही पेटत. म्हणून तर मागे राहिलो.”