पुलावरच्या घंटा

साल एकोणीसशे बाहत्तर. सूतगिरणीच्या कचेरीत तिघी सायकलवरून जात: ताई, तिची धाकटी बहीण आणि टायपिस्ट. नदीवरच्या लांब पुलावर धुकं असलं की आधी पुढचीनं घंटा द्यायची, मग मधलीनं, मग शेवटचीनं. कुणी मागं राहिलं नाही, एवढं कळलं की पुरे.

त्या हिवाळ्यात धाकटीच्या मागून आणखी एक घंटा वाजू लागली.

"मागं कोण आहे गं?" ताईनं ओरडून विचारलं.

"कुणी नाही! मीच शेंडेफळ!"

"असेल एखादा उमेदवार," टायपिस्ट हसली.

ताईला हसू आलं नाही. मरताना आईनं धाकटीला तिच्या पदरात घातलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं धाकटीला सगळ्यांत पुढं घातलं आणि स्वतः शेवटी राहिली.

पुलावर पुढून घंटा वाजली. लगेच पुन्हा वाजली. पोरगी चेष्टा करतेय, असं ताईला वाटलं. मग टायपिस्टनं दिली, ताईनं दिली. मागं सामसूम. ताईचा जीव भांड्यात पडला.

पूल संपला तसं धुकं विरलं. समोरचा रस्ता पार दूरवर रिकामा होता.

"मी तिच्या घंटेमागंच होते हो, ताई," टायपिस्ट रडकुंडीला येऊन म्हणाली.

टायपिस्टनं सायकल विकली आणि लग्न करून ती दुसऱ्या गावी गेली. धाकटी सापडली नाही, तिची सायकलही नाही. ताई निवृत्त झाली, तरी धुक्याच्या सकाळी पुलाच्या तोंडाशी उभी राहून घंटा देते. एकच उत्तर आलं असतं, तर ती केव्हाच आत गेली असती.

उत्तरं दोन येतात.