रशियन घड्याळं

“आई, डावीकडच्या घड्याळात काटा कुठं हाये?”

“खाली, सहा वाजतात तिथं.”

“हजाराचा अर्धा फेरा. मंग आपण पाचशे मीटर उंचीवर आहोत,” मोनाली म्हणाली.

बेबीनंदाला ती सगळी घड्याळंच वाटायची. जालन्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात लेकीनं कॉम्प्युटरवर विमानाचं नकली कॉकपिट मांडलं होतं. पोरगी वैमानिक झाली होती, आणि परदेशातल्या एका कंपनीची जुनी रशियन विमानं चालवायला निघाली होती. त्यांतल्या घड्याळांवरची अक्षरं रशियन, उंची फुटांऐवजी मीटरमध्ये. सोमवारी अशाच नकली कॉकपिटमध्ये तिची परीक्षा होती. पास झाली तर नोकरी, नाहीतर पायलटकीला रामराम.

म्हणून ती रोज तोच एक धडा लावायची. काटे कुठं आहेत ते आईनं सांगायचं, अर्थ लेकीनं लावायचा. थोड्याच दिवसांत तिला आईची गरज उरली नाही. इंजिनाचा आवाज सुरू झाला की ही धडाधड आकडे म्हणायला लागायची.

बेबीनंदाचा ऊर भरून यायचा खरा, पण कुठंतरी पाणी मुरत होतं.

या खेपेला आल्यापासून पोरगी डोळ्याला डोळा देत नव्हती. फोन सारखा कानाला. हॅलो नाही, बोलणं नाही, नुसतं ऐकत बसायचं. लहानपणची मैत्रीण भावना गल्लीत समोरून हसत आली, तर ही ओळख न दाखवता पुढं गेली. दुपारचं ऊन थेट स्क्रीनवर यायचं, तरी खिडकी लावायचं भान हिला नव्हतं. असं कुणाचं होतं, हे बेबीनंदाला सांगायला नको होतं. परदेशातला कुणी मुलगा असणार. तो पोरीला कायमची घेऊन जाईल, या धास्तीनं तिला घास गोड लागेना.

नवऱ्याच्या कानावर घातलं, तर रोलिंग मिलमधून दमून आलेला शिवाजी परीक्षा होऊ दे म्हणाला आणि कुशीवर वळला.

रविवारी तिनं लेकीला सरळच विचारलं, “काय लपवून राह्यली तू?”

“काही न्हाई,” मोनाली भिंतीकडं बघत म्हणाली. “उद्याचा दिवस जाऊ दे. मंग सगळं सांगते.” एवढं बोलताना हाताचा धक्का लागून तिचा चहा सांडला.

चोराच्या मनात चांदणं, बेबीनंदा समजली.

दुपारी मोनाली धड्याला बसली. फोन टेबलावरच होता. स्क्रीनची वायर दाराजवळच्या बोर्डात होती. ती काढली की पोरगी बघायला उठेल, तेवढ्यात फोन उचलायचा, असा बेबीनंदाचा बेत होता. तिनं वाकून हळूच पिन उपसली.

स्क्रीन काळी झाली. इंजिनाचा आवाज तेवढा चालू राहिला.

मोनाली उठली नाही. त्या काळ्या स्क्रीनकडं तोंड करून ती म्हणतच राहिली, “उंची शंभर मीटर... पन्नास... धावपट्टी समोर साफ दिसून राह्यली.”