वर केलेला हात

सत्त्याण्णव सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी सिनेमातला हिरो सुजय नाशिकला साड्यांच्या एका दुकानाच्या उद्घाटनाला आला होता. त्याने गच्चीवरून हात हलवताच खाली चाहत्यांची झुंबड उडाली आणि झेंडू विकायला बसलेली साळूबाई फुलांसकट तुडवली गेली. "तुम्ही थोडंच सांगितलं होतं त्यांना?" सेक्रेटरीने समजूत घातली, पण सुजयला चैन पडेना. संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. साळूबाईचा पाय प्लास्टरमध्ये होता. "मावशी, एवढी माणसं माझं कुठं ऐकतात?" तो म्हणाला. "लय ऐकत्यात," ती शांतपणे म्हणाली. "तुमी हात हलवला की पळत सुटली. त्यांना थांबवा म्हणून मी खालून तुमाला हात करत व्हते. तुमी माझ्याकडं बघितलंबी." सुजयला गर्दीतला तो उंचावलेला, हिरव्या बांगड्यांचा हात लख्ख आठवला. कुणी चाहतीच समजून त्याने तिला फ्लाइंग किस दिला होता.